रस्त्यावर टांगलेली किल्ली

जुना आहे मी, मित्रांनो, पण भंगार म्हणायचं काम नाही. कॉम्प्युटर आहे. टेबलाखाली जो उभा डबा असतो ना, ज्याला लोक सीपीयू म्हणतात, तो मी. मॉनिटर बदलतो, कीबोर्ड बदलतो, माऊस तर पाहुण्यासारखा येतो आणि जातो. खरं डोकं माझंच. माझ्या डाव्या अंगावर एनॅमल रंगात एक टपोरा ढ काढलेला आहे. तो बघून तुम्ही हसाल. हसा. पण गोष्ट संपेपर्यंत माझ्यावर हसणारे माझ्याबरोबर हसायला लागतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकेक भाग बसवला, तपासला, झाकण लावलं आणि मला थर्माकोलच्या गादीवर निजवलं. तिथून मी थेट एका साहेबांच्या केबिनमध्ये. काय थाट होता! माझ्यावर मखमली कव्हर असायचं. साहेबांना एकच काम यायचं, पत्त्यांचा खेळ. दारावर टकटक झाली की ते घाईघाईने खेळ बंद करायला बघायचे, आणि मी नेमका तेव्हाच दम खायचो. राजा, राणी, गुलाम सगळे पडद्यावर तसेच उभे. आत आलेला माणूस बघायचा, साहेब खोकायचे. ती मजा अजून आठवते.

मग मी शाळेत गेलो. पोरांनी माझ्यावर चित्रं काढली, गाणी वाजवली, माझ्या फटीत पेन्सिलीचे तुकडे सारले. मी सगळं सहन केलं, कारण पोरं मला "आमचा" म्हणायची. पुढे चकचकीत नवे कॉम्प्युटर आले आणि मला मोडक्या बाकांच्या खोलीत ढकललं. मग भंगारवाला आला. आणि भंगारवाल्याच्या गाडीवरून मला उचललं ते मास्तरांनी.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. हे बोर्ड रंगवणारे. अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो, कारण त्यांच्या हातचं अक्षर एकदा बघितलं की आपलं अक्षर लपवावंसं वाटतं. त्यांनी मला का घेतलं असेल? माझी हुशारी बघून? अहो कसलं! त्यांना रंगाचे डबे ठेवायला सपाट, न डगमगणारं काहीतरी हवं होतं. त्यांनी माझ्यावर थाप मारली, "भक्कम आहे" म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर लाल रंगाचा डबा ठेवला. झालं. साहेबांच्या केबिनमधून थेट स्टूल.

पण खरं सांगू? मला ते दुकान आवडलं. तिथे प्रत्येक गोष्ट खिळ्याला टांगलेली. ब्रश टांगलेले, कात्री टांगलेली, घराच्या किल्ल्या टांगलेल्या, मास्तरांचा चष्मासुद्धा दोरीने टांगलेला. "ठेवलेली वस्तू हरवते, टांगलेली दिसते," असं मास्तर म्हणायचे. हे वाक्य ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे याच वाक्याने आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

मास्तरांची दुसरी खोड म्हणजे ब्रश. काम चालू असताना ते ब्रश धूत नाहीत. एका वाटीत पिवळा रंग घ्यायचा आणि पहिला शब्द काढायचा. दुसऱ्या शब्दाला त्याच वाटीत दोन थेंब लाल. तिसऱ्याला आणखी दोन. असं करत करत शेवटी काळा घालून काम संपवायचं. हलक्याकडून गडदाकडे, मधे टर्पेंटाइनचा थेंब नाही. त्यांची मुलगी लहान असताना तिने एकदा मदत म्हणून मधेच ब्रश धुतला, तर मास्तर दिवसभर हळहळले. "धुतलेल्या ब्रशाला चव नसते गं!"

या मुलीला सगळे टिंबू म्हणतात. लहानपणी हातात ब्रश आला की भिंतीवर, दारावर, मांजरावर नुसती टिंबं द्यायची, म्हणून टिंबू. आता मोठी झाली, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. नजर बापाची, जीभ आईची. दोन्ही धारदार.

आणि समोरच्या बाजूला झेरॉक्स. हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाही, रस्त्याने ठेवलं. त्याचं छपाईचं दुकान आहे. मोठी मशीन, थंडगार हवा, काचेचं दार. मास्तरांनी कुठेही बोर्ड लावला की हा मोबाइल काढून फोटो घेणार, मशीनला घालणार आणि तेच अक्षर फ्लेक्सवर छापून देणार. वर छातीठोकपणे सांगणार, "आमच्या डिझायनरचं काम आहे." डिझायनर कुठे आहे विचारलं की म्हणणार, "आत आहे, डोकं चालवतोय."

मास्तर हसून सोडून द्यायचे. पण एक दिवस हसू गेलं.

त्याचं असं झालं. मास्तरांनी वर्षभर खपून अख्ख्या बाराखडीची अक्षरं लहान लहान पत्र्यांवर रंगवली होती. प्रत्येक अक्षराचा थाट वेगळा. एका पुस्तकवाल्या बाईंना लहान मुलांच्या पुस्तकासाठी अक्षरं हवी होती, आणि मास्तरांनी ते पत्रे त्यांना दाखवायला म्हणून दुकानात ओळीने टांगले. झेरॉक्स चहा प्यायला म्हणून आला, "वा मास्तर, वा!" म्हणत मोबाइल फिरवून गेला. आठवड्याने बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे तीच अक्षरं दुसऱ्या कोणीतरी आधीच पाठवली होती. स्वतःची म्हणून.

"मी कुणाचं खरं मानू?" बाई म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा वाटीतला रंग वाळेपर्यंत नुसते बसून राहिले. टिंबू मात्र बसली नाही. तिने माझ्या डोक्यावरचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"बाबा, हा चालतो का हो?"

"कोण, स्टूल?"

"स्टूल नाही, कॉम्प्युटर आहे हा!"

ऐकलंत? किती दिवसांनी कोणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली! तिने झाकण उघडलं, पोटातली धूळ फुंकली, ती सगळी तिच्याच तोंडावर उडाली. मी तिची गंमत केली असं तिला वाटलं असेल. बरोबर वाटलं. मग तिने कुठून तरी जुना मॉनिटर-कीबोर्ड आणून जोडला, एक मोफत मिळणारी, हलकीफुलकी ऑपरेटिंग सिस्टिम माझ्यात भरली आणि मी पुन्हा उभा राहिलो. पंखा गरगरला, दिवा लागला. मास्तर दचकून म्हणाले, "अरे, स्टूल बोलायला लागलं!"

मग टिंबूने बापाला सगळं समजावलं. मी ऐकत होतो.

"बाबा, ब्लॉकचेन म्हणजे असं समजा, एक मोठा फळा आहे. तो एका जागी नाही, जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर त्याची प्रत आहे. त्यावर एकदा लिहिलं की कोणाला पुसता येत नाही. एकाने पुसलं तरी बाकीचे म्हणणार, खोटं बोलतोस."

"म्हणजे एनॅमल."

"हो, एनॅमलच."

"मग असं सांग ना सरळ."

"तर त्या फळ्यावर आपण तुमच्या प्रत्येक अक्षराचं एक टोकन काढायचं. हे अक्षर, या तारखेला, या वॉलेटमध्ये तयार झालं, अशी नोंद. वॉलेट म्हणजे त्या फळ्यावरचं पाकीट, आणि ते तुमचं. तुम्ही उघडलंत तरच त्यातली वस्तू हलणार."

"मग झेरॉक्स नक्कल करायचा थांबेल?"

"नाही."

"नाही?"

"नक्कल तो करणारच, त्याला दुसरं काही येतं का? पण 'माझं आहे' म्हणायला लागला की आपण त्या नोंदीकडे बोट दाखवायचं."

मास्तरांचे डोळे चमकले. "बोट दाखवायला मला आवडेल."

आता टोकन काढायला अवजार लागतं. टिंबूने ओपन सोर्स अवजार शोधलं. म्हणजे ते कोणा एकाच्या मालकीचं नाही, त्याचं पोट उघडं असतं, कोणीही आत डोकावावं, चूक सापडली तर दुरुस्त करावी. मला ही कल्पनाच फार आवडली. माझंही झाकण तेव्हा उघडंच होतं.

ते बसवताना मी तिला बऱ्यापैकी छळलं. अवजाराला आधी एक मदतनीस प्रोग्रॅम लागायचा. तो आणला तर जुना निघाला. नवा आणला तर इतका नवा की अवजार त्याला ओळखेना. मी पडद्यावर लाल अक्षरांची रांगच लावली. दुसरं कोणी असतं तर मला लाथ घातली असती. टिंबू बोर्डवाल्याची पोर, अक्षरांना घाबरणार थोडीच? ती लाल ओळी शेवटपर्यंत वाचायची. "कुठे दुखतंय ते हा स्वतःच सांगतोय की," असं म्हणून बरोबर तिथेच हात घालायची. मग तिने एका फोल्डरमध्ये अक्षरांचे फोटो भरले, प्रत्येक फोटोबरोबर त्याची माहिती लिहिली. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला, तर मी सगळं अडवून धरलं. मला स्वतःला त्याचं काही नव्हतं हो, पण अवजाराचा हुकूम.

खऱ्या फळ्यावर जाण्याआधी एक सरावाचा फळा असतो. तिथे चुकलं तरी कोणाचं काही जात नाही. टिंबूने सरावाला एक अक्षर निवडलं. ढ.

"पहिलंच अक्षर ढ?" मास्तर नाराज झाले.

"सराव आहे बाबा. चुकलं तर ढ चुकला म्हणता येईल."

पण चुकलं नाही! पडद्यावर हिरवी ओळ उमटली. बापलेकीने असा आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावरून टिंबूची आई खाली आली.

"दुपारपासून बसून काय केलंत दोघांनी?"

"ढ!" मास्तर अभिमानाने म्हणाले.

"ते मला लग्नापासून माहितीय," आई म्हणाली आणि वर निघून गेली.

आता खरं वॉलेट उघडायचं होतं. इथे नीट लक्ष द्या. वॉलेट तयार झालं की अवजार बारा शब्द देतं. ते बारा शब्द, त्याच क्रमाने, म्हणजे त्या वॉलेटची किल्ली. ज्याच्या हाती ते शब्द, त्याचं वॉलेट. माझ्या पोटात काही बिघाड झाला तरी ते शब्द दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला सांगितले की वॉलेट पुन्हा उघडतं. या अवजारात कोणीतरी भल्या माणसाने आपल्या भाषेतले शब्द घालून ठेवले होते. काजवा, भोपळा, उंबरठा, चिमटा असले.

टिंबू इमानदार. ती म्हणाली, "बाबा, वॉलेट तुमचं आहे. शब्द तुम्हीच बघायचे. मीसुद्धा बघणार नाही." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "नीट लिहून घ्या. पुसले नाही गेले पाहिजेत. हरवले तर सगळं गेलं, लक्षात ठेवा!"

"पुसले नाही जायचे, हरवले नाही जायचे," मास्तरांनी मान डोलावली. कागदावर उतरून घेतले. टिंबूने सगळी अक्षरं खऱ्या फळ्यावर चढवली, एकेक करत, आणि मी एकदाही अडखळलो नाही. टिंबू कामावर गेली. आणि मास्तर कामाला लागले.

तुमच्या आलंच असेल लक्षात. बोर्डवाल्याला "नीट लिहा, पुसलं जाऊ नये" सांगितलं की तो काय करेल? त्याने छान पत्रा घेतला. वाटीत पिवळा रंग घेतला. ते बारा शब्द असे काही रंगवले की काय सांगू. वर, कागद रंगाने बरबटला म्हणून फेकून दिला. आणि बोर्डवाल्याला "हरवू नका" सांगितलं की?

त्याने तो पत्रा दुकानाच्या दारावर, रस्त्याकडे तोंड करून, मोठ्या खिळ्याला टांगला.

मित्रांनो, मी आतून ओरडत होतो! पण माझ्याकडे तोंड कुठे आहे? पंखा आहे. मी तो जिवाच्या आकांताने फिरवला. मास्तर म्हणाले, "तापलाय बिचारा," आणि माझ्यावर ओलं फडकं टाकलं.

संध्याकाळी टिंबू परत आली. दारात थांबली, वर बघितलं. तिने ते शब्द पाहिलेच नव्हते ना! ती काय म्हणाली असेल?

"वा बाबा! नमुन्याचा बोर्ड का? फारच झकास! कविता आहे का ही?"

"तसंच काहीसं," मास्तर लाजून म्हणाले. त्यांना वाटलं, पोरीने ओळखलं.

रस्त्यावर त्या बोर्डाचं कौतुकच कौतुक. येणारे जाणारे थांबायचे, वाचायचे, "भोपळा काय काढलाय!" म्हणायचे. झेरॉक्सने तर मोबाइल काढायला वेळच लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या काचेच्या दारावर तोच बोर्ड, दुप्पट मोठा, आतून दिवा लावलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमची किल्ली लटकत होती आणि कोणालाच ठाऊक नव्हतं की ती किल्ली आहे. झेरॉक्सलाही नाही.

इकडे टिंबूने पुस्तकवाल्या बाईंना नोंद दाखवली होती. बाई खूश झाल्या. पण झेरॉक्सने तिथेही तंगडी घातली. त्या नोंदीत माणसाचं नाव नसतं, नुसती आकड्याअक्षरांची लांबच लांब माळ असते. त्याने सरळ सांगितलं, "ते वॉलेट माझंच आहे!"

बाई हुशार. त्यांनी दोघांनाही एकच निरोप दिला. "आज संध्याकाळी पुस्तक छपाईला जातंय. ज्याचं वॉलेट असेल त्याने त्यातून मला ळ पाठवून दाखवावा. ज्याचा ळ येईल त्याचं नाव पुस्तकावर."

टिंबू हसली. "एवढंच ना?" तिने माझं बटण दाबलं.

आणि माझ्या पोटात खट् झालं.

माझी हार्डडिस्क गेली. रंगाची धूळ, वरच्या डब्यांचं ओझं, इतक्या वर्षांचं वय. साठवलेलं सगळं गेलं. मी गेलो नाही, तेवढा मी चिवट आहे. टिंबू धावत जाऊन आपल्या दुकानातून दुसरी डिस्क घेऊन आली, बसवली, अवजार पुन्हा चढवलं. या वेळी लाल ओळ एकही नाही, सगळ्या खाचाखोचा तिला पाठ झाल्या होत्या. पडद्यावर प्रश्न आला: तुमचे बारा शब्द भरा.

"बाबा, शब्द आणा."

"थांब, बघून येतो." मास्तर चपला शोधायला लागले.

"चपला कशाला? कुठे बघून येताय?"

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. बोर्डावर."

टिंबू हळूहळू उठली. दारात गेली. वर बघितलं. मग समोर, झेरॉक्सच्या दाराकडे बघितलं. मग दोन्ही हात डोक्याला लावून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी किंचाळली, "बाबा! ही आपली किल्ली आहे! वॉलेटची किल्ली रस्त्यावर टांगलीत?"

"तूच म्हणालीस हरवू नका."

वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "घराच्या किल्ल्या तरी आत टांगल्यात का हो?"

समोर काचेच्या दाराआड झेरॉक्स उभा होता. त्याने आधी टिंबूकडे बघितलं. मग स्वतःच्या दारावरच्या बोर्डाकडे. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की आतला दिवा फिका वाटला. पुढच्या क्षणी त्याचं शटर खाली आलं.

"गेला तो! बसला मशीनवर!" टिंबू पत्रा काढून आत पळाली. बोर्डावरचे शब्द वरून खाली तिने धडाधड भरले. मी तपासले आणि सांगावं लागलं तेच सांगितलं. चूक.

"चूक? शब्द तेच आहेत ना?"

"तेच आहेत," मास्तर म्हणाले, आणि मग जरा चाचरत, "फक्त जागा मी माझ्या मनाने दिल्यात."

"म्हणजे?"

"अगं, जसेच्या तसे मांडले असते तर बोर्ड एका बाजूला कलला असता. उंबरठा कसा मधोमधच शोभतो. भोपळा खाली पाहिजे, वजनदार शब्द आहे. ढग वर. ढग खाली कसा ठेवणार?"

टिंबूला हसावं की रडावं कळेना. एक बरं होतं, झेरॉक्सने शब्दांच्या जागांची जशीच्या तशी नक्कल केली होती. त्यामुळे त्याचाही क्रम तितकाच चुकीचा. पण बारा शब्दांच्या उलटसुलट जागा किती होतील? माणसाने हाताने भरत बसलं तर जन्म पुरायचा नाही. झेरॉक्सकडे मात्र तगडं मशीन होतं आणि माहितगार मित्रही असतील. कधी ना कधी त्याला जमलंही असतं. आणि आम्हाला फक्त संध्याकाळपर्यंत वेळ.

"बाबा, आठवा ना! पहिला कुठला होता?"

"चिमटा... नाही, वेल. अगं, मी अर्थ बघून थोडाच लिहितो? वळण बघून लिहितो."

मास्तर माझ्यासमोर बसले आणि एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. "वर्षभराचं काम," ते म्हणाले. "माझ्याच हाताने रस्त्यावर मांडलं."

टिंबूने पत्रा मांडीवर घेतला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसं. वेलीवर बोट आलं. पिवळी वेल. मग कोपऱ्यातल्या काजव्यावर. तोही पिवळा, पण जरासा, अगदी जरासा तांबूस. बोट थांबलं.

"बाबा, रंगवायला घेतलंत तेव्हा शब्द कागदावरच्या क्रमानेच घेतलेत?"

"हो, वाचत गेलो, काढत गेलो. जागा तेवढ्या आधी खडूने आखून ठेवल्या होत्या."

"आणि मधे ब्रश धुतला होता?"

मास्तर जवळजवळ रागावले. "मी कधी धुतो?"

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं बघितली आहेत, पण बापलेकीच्या तोंडावर एकाच क्षणी एकच हसू फुटताना तेव्हाच बघितलं.

पिवळी वेल पहिली. मग काजवा, त्यात दोन थेंब लाल. मग नारिंगी झुला. टिंबू पत्रा दाराच्या उजेडात धरायची, मास्तर डोळे बारीक करून सांगायचे, "पारवा आधी. चिमटा त्याच्या नंतर, बघ त्याच्या टोकाला काळं उतरलंय." दोन शब्दांवर दोघं अडली, आधी कुलूप की दगड. बापाने पत्रा नाकाशी धरला, लेकीने नखाने रंग निरखला, आणि दोघं एकदम म्हणाली, "दगड!" शेवटी काळीकुट्ट शिडी.

टिंबूने शब्द भरले. मी तपासले. आणि काय सांगू, माझा पंखा आनंदाने शिट्टी मारायला लागला. वॉलेट उघडलं! सगळी अक्षरं आत जागच्या जागी, ढसुद्धा.

समोर झेरॉक्सचं मशीन गरागरा धावत असेलच. पण त्याच्या बोर्डावर काय होतं? त्याने छापताना शाई एकसारखी दिसावी म्हणून सगळे शब्द एकाच लालभडक रंगात काढले होते. मास्तरांचा क्रम त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता.

पुढचं काम मी असं केलं की कारखान्यातल्या त्या बायकांनी मला कडेवर घेतलं असतं. टिंबूने लगेच दुसरं, कोरं वॉलेट उघडलं. या वेळीही ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण खांद्यावरून म्हणाली, "बाबा, पेन्सिल. कागद. रंग नाही. आणि क्रम नाही हलवायचा."

"एक शब्द जरा..."

"नाही!"

मग एकेक अक्षर जुन्या वॉलेटमधून नव्यात. मी हळू चालतो हे खरं, पण मी थांबत नाही. शेवटचं अक्षर नव्या घरात गेलं आणि जुन्यात मुद्दाम मागे ठेवलेला ळ तिथूनच निघाला बाईंकडे.

थोड्या वेळात फोन वाजला. मास्तरांनी उचलला, ऐकलं, "बरं" म्हणाले, पुन्हा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" टिंबूने विचारलं.

"नाव कसं लिहायचं विचारत होत्या. म्हटलं, तुम्ही नका लिहू, मी काढून पाठवतो."

अंधार पडायच्या आधी समोरचं शटर अर्धं वर गेलं. मास्तर सावकाश रस्ता ओलांडून गेले. मी दारातून बघत होतो.

"काय रे झेरॉक्स, उघडतंय का कुलूप?"

झेरॉक्स घामाघूम होता. "मास्तर, शब्द तर तेच होते! बाराच्या बारा!"

"शब्द तेच होते रे," मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रंग कुठे आणलास?"

तो बोर्ड अजून त्याच्या दारावर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "हे भोपळा, उंबरठा म्हणजे काय?" तो म्हणतो, "आमच्या डिझायनरची कविता आहे."

तर मित्रांनो, आता तुम्हाला माझं एक सांगणं. घरात माझ्यासारखा एखादा जुना असेल, तर त्याला डबे ठेवायला वापरण्याआधी एकदा बटण दाबून बघा. अधूनमधून पोटातली धूळ काढा. जे जपायचं ते माझ्या एकट्याच्या भरवशावर टाकू नका, मी कितीही हुशार असलो तरी खट् कधी होईल सांगता येत नाही. आणि किल्लीचे शब्द लिहून ठेवाल तेव्हा आहेत तसे, आहेत त्या जागी लिहा, मग ते कितीही बेढब दिसोत. आमचे नवे शब्द कुठे आहेत म्हणून विचारू नका. टांगलेले नाहीत, एवढंच सांगतो.

पुस्तक आलं त्या दिवशी मास्तरांनी मला टेबलावर चढवलं, ओल्या फडक्याने नाही, कोरड्या फडक्याने पुसलं, आणि माझ्या डाव्या अंगावर हा ढ काढला. आमचं पहिलं अक्षर. ब्रश अर्थातच धुतलेला नव्हता, त्यामुळे हा रंग तुम्हाला कुठल्याच डब्यावर छापलेला सापडणार नाही.

काल झेरॉक्स चहाला आला होता. त्याने माझ्या ढचा फोटो काढला. काढू दे.